सासूबाईंचा डाग

४ नोव्हेंबर, सोमवार

सापडली! शोधत नव्हतो, म्हणूनच सापडली.

सासूबाईंनी सुटकेस मागितली म्हणून माळ्यावर चढलो. मागितली म्हणजे हिच्याकडे. "जावईबापूंना सवड झाली की माळ्यावरची सुटकेस काढून देतील का, विचार." मी तिथेच दोन हातांवर पेपर वाचत बसलेलो. सवड आहे, असं मीही हिलाच सांगितलं. हिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आत निघून गेली.

सुटकेसच्या मागे मिक्सरचं खोकं. खोक्यात मिक्सर नाही — माझी बग्गी! रिमोटवर पळणारी. चार जाड चाकं, मागे उघडी मोटर, वर लाल कवच. कवचावर अकराव्या वर्षी मी बॉलपेननं लिहिलेलं — 'पवनगति'. संस्कृतातला ऱ्हस्व 'ति'. म्हणजे तेव्हाच वाया गेलो होतो.

काका बोटीवर इंजिनिअर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेली. दोन उन्हाळे गल्लीत राज्य केलं. तिसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस थांबली ती थांबलीच. त्याला चाळीस वर्षं झाली.

चालू करायची. ठरलं.

खाली उतरून हिला म्हटलं, बग्गी सापडली. ही म्हणाली, घोडे कुठे बांधणार आहेस?

५ नोव्हेंबर, मंगळवार

सुटकेस कशाला हवी होती ते कळलं.

ज्येष्ठांच्या निवासातून सासूबाईंच्या नावे पत्र आलं. सप्टेंबरात त्यांनी तिथे अर्ज केला होता — आम्हांला न सांगता. आता १ डिसेंबरला एक खोली रिकामी होते आहे, येणार असल्यास कळवावे. पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर मीठदाणीला टेकवून उभं केलं. वाचा म्हणाल्या नाहीत. वाचू नका, असंही नाही.

ऑगस्टमध्ये त्यांची इमारत पाडायला काढली, तेव्हा दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आल्या. आता कायमच्या इथेच, असं आम्ही धरून चाललो होतो. धरून चाललो होतो — कोणी कोणाला म्हटलं मात्र नव्हतं.

ही त्यांची एकुलती एक मुलगी. काही बोलली नाही, पण भांड्यांनी बोलून घेतलं. नंतर माझ्या खोलीत आली. आपलं काय चुकलं, म्हणाली. मला कुठे माहीत? मी कशातच नव्हतो. जावयाला मत नसतं, मान असतो.

६ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाई आणि मी एकमेकांशी बोलत नाही, असं कोणी म्हणू नये. सव्वीस वर्षं उत्तम बोलतोय — हिच्यामार्फत. संस्कृतात आदर दाखवायचा की समोरच्या माणसाला तृतीय पुरुषात ढकलतात. 'भवान् गच्छति' — आपण जाता नव्हे, आपण जातो! सासूबाई संस्कृत शिकल्या नाहीत, पण मला पहिल्या दिवसापासून 'भवान्' करून ठेवलंय.

माझ्या बाजूनं सांगायचं तर मी त्यांना आजवर कुठल्याच नावानं हाक मारलेली नाही. समोर जाऊन खाकरतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर तीन तास बैठक. बातमीत मी 'यथावकाश' लिहिलं, उपसंपादकानं कापून 'लवकरच' केलं. दोन्हींचा अर्थ 'कधीच नाही', म्हणून भांडलो नाही.

घरी येऊन टेबलावर पेपर पसरले आणि बग्गी खोलली. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, खोलायच्या क्रमानं एकेका खणात. बर्फ कशात लावायचा, असा प्रश्न घरात उपस्थित झाला. तो पटलावर ठेवून घेतला.

अवस्था बिकट आहे. गिअरच्या डबीतल्या ग्रीसचा डिंक झालाय. रिमोटमध्ये सेल तसेच राहिले होते, ते फुटून आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्यात. टायरला बोट लावलं तर बोटाला टायर लागला. जुन्या बॅटरीविषयी काही लिहीत नाही. गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. अर्धा तास पान उलटलं नाही. छोट्या जाहिरातींचं पान. एवढं काय असतं त्यात?

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळभर रॉकेल आणि टूथब्रश. (जुना. हिनं तीनदा खात्री करून घेतली.) गिअर चकचकीत झाले, सोळाच्या सोळा दात शाबूत — माझ्यापेक्षा बरी परिस्थिती. नवी बॅटरी आणली, रिमोटमध्ये नवे सेल घातले. बॅटरीकडून आत जाणारी एक तार निखळली होती, ती स्वतः सोल्डर केली. माहितीपत्रक वाचून. आयुष्यातलं पहिलं सोल्डरिंग! राखाडी रंगाचा छानसा गोळा तयार झाला. बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही.

तेव्हा पेपरमागून आवाज आला. हिला उद्देशून. "तुझ्या नवऱ्याला सांग, डाग थंड बसलाय."

मी आधी शर्ट तपासला.

मग उलगडा झाला. सोल्डरिंगच्या सांध्याला ह्या 'डाग' म्हणतात. कोशात शब्द 'डाख' असा आहे. ते सांगायला मी तोंड उघडलंही. ही म्हणाली, मिट. सासूबाई बावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात डाग लावायच्या. एका रेडिओत एकशे चाळीस. तपासणीवाला त्यांचं टेबल न तपासताच पुढे जायचा म्हणे.

सव्वीस वर्षं मी ह्या बाईंचा जावई आहे. 'कारखान्यात होत्या' एवढं माहीत होतं. कसला कारखाना, काय करायच्या, हे एकदाही विचारलं नाही. वार्ताहर म्हणे!

१० नोव्हेंबर, रविवार

आज पाठ पहिला.

सासूबाई आपण होऊन टेबलाशी येऊन बसल्या. चष्म्यावर चष्मा चढवला. माझा गोळा सोल्डरिंगच्या तापल्या कांडीनं एका झटक्यात वितळवून काढला — अपमान करायचाही नाही, नुसता पुसून टाकायचा. चहाची बशी धरताना त्यांचा हात थरथरतो, रोज बघतो. हातात कांडी आली की थरथर कुठे जाते कोण जाणे.

"कांडी सोल्डरला लावू नका, तारेला लावा. तार तापली की डाग आपण होऊन पळत येतो."

राळेचा वास, एक बारीक धुराची रेघ, आणि थेंब असा चमकला की बघत राहिलो. पण खरी बातमी ही नव्हे. खरी बातमी: वरचं वाक्य मला उद्देशून होतं! थेट, द्वितीय पुरुषात! मधे ही नव्हती, भाजी आणायला गेली होती. ती परत आल्याबरोबर आम्ही दोघंही पुन्हा तिच्यामार्फत बोलायला लागलो.

बग्गी अजून गप्प.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रिमोटमध्ये डाग तीन, बग्गीत पाच. लाल दिवा लागला!!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नुसता दिवाच लागला. सासूबाईंचं निदान: संदेश पोचतोय, ऐकणारा बधिर आहे. पुढची चाकं वळवणारी एक डबी असते, तिला सर्व्हो म्हणतात. तिच्या आत एवढीशी मोटर आणि नखाएवढे गिअर. ती उघडायची, तर माझी बोटं जाड. त्यांनी उघडली. आत एक तार केसाएवढी, तुटलेली. ती जोडताना त्यांनी श्वास धरला, म्हणून मीही धरला. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, काय झालं, इतकं शांत का?

सर्व्हो 'टर्र' म्हणाला! पुढची चाकं डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पुन्हा मधे आली. सासूबाई हसल्या. त्यांना एक दाढ नाही, हे मला आज कळलं.

हिनं ते हसू पाहिलं आणि मग कॅलेंडर पाहिलं. सतरा दिवस.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चाकं वळतात, पण पळत नाहीत. मागची मोटर घेऊन बाजारात गेलो, पंप आणि मिक्सरच्या मोटरी भरून देणारा आहे त्याच्याकडे. सासूबाईही निघाल्या. मला वाटलं देवळात वगैरे जायचं असेल. नाही, दुकानात यायचं होतं.

त्यानं मोटर हातात घेतली, अंगठ्यानं फिरवली आणि निकाल दिला: जळलीये, टाकून द्या. सासूबाई म्हणाल्या, वास घ्या. तो म्हणाला, काय? "जळलेली मोटर वास मारते. हिला वास आहे का?" त्यानं वास घेतला. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनीही घेतला. वास नव्हता. आतले कार्बनचे दोन तुकडे अडकून बसले होते, एवढंच. ते काढले, घासले, बसवले. तारा बॅटरीला लावल्या तर मोटर त्याच्या हातातून निसटून गल्ल्यावर नाचली.

निघताना त्यानं मला हळूच विचारलं, ह्या कोण? तोंडाशी दोन-तीन विद्वत्तापूर्ण उत्तरं आली. गिळली. सासूबाई, म्हटलं. तो म्हणाला, दुकानात बसवा हो, माझ्या पोरांपेक्षा बरं.

परत येताना त्या मला मोटरींबद्दल सांगत होत्या, मी त्यांना नगरपालिकेबद्दल. मधे कोणीच नव्हतं, आणि ते घर येईपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

टायर कुठेच मिळेनात. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्यानं प्रश्न सोडवला: चपलेच्या तळाचं रबर कापून चार पट्टे, चाकांवर चिकटवून वर टाके. बग्गीला आता चपला आहेत. घरात आणताना बाहेर काढाव्या लागतील, असं ही म्हणाली.

आज दिवसभर एकाच गोष्टीचा विचार करत होतो. सासूबाई इथे रागावलेल्या दिसत नाहीत. जेवतात, हसतात, मला शिकवतात. मग जाताहेत कशाला? हिला विचारलं, तर म्हणाली, मी दहादा विचारलं. "बरं असतं आपलं आपण" — एवढंच म्हणते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

आज माझी सुट्टी, ही प्रयोगशाळेत कामावर. दुपारी अँटेनाची तार जोडत होतो. सासूबाईंनी आज कांडी माझ्या हातात दिली होती, स्वतः नुसत्या बघत होत्या. माझी तार तापली, डाग आपण होऊन पळत आला, चमकला! त्या "हं" म्हणाल्या. मला एवढी चांगली श्रेणी कुठल्याच परीक्षेत मिळालेली नाही. त्या भरात विचारून टाकलं.

"तिथे कशाला जाताय?"

"पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

"पाहुणं कोण म्हणालं तुम्हांला?"

"तुम्ही."

आवाज चढलेला नव्हता. घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं सांगितलं.

मग मला आठवलं. ऑगस्टचा तो दिवस. बॅगा अजून दारातच होत्या. शेजारचे निवृत्त भूगोल मास्तर डोकावले, ह्या कोण म्हणाले. आणि मी — मोठ्या ऐटीत — "ह्या आमच्या अतिथी!" का म्हटलं? तर 'न विद्यते तिथिः यस्य' — ज्याला तिथी नाही तो अतिथी. म्हणजे ह्यांच्या जाण्याला तारीख नाही, ह्या आता इथल्याच, अशी माझी कोटी! ती कोटी मी मनातल्या मनात केली आणि मनातल्या मनात हसलो. बाहेर फक्त शब्द गेला. स्वतःचं घर त्याच सकाळी सोडून आलेल्या बाईला तो शब्द दारातच मिळाला. त्यांनी सरळ मराठीत ऐकला — पाहुणी. दुसऱ्याच महिन्यात अर्ज केला.

सगळं सांगितलं. विग्रहासकट. (शास्त्रात ती तिथी येण्याची असते, जाण्याची मी पदरची घातली होती. हेही सांगितलं. अशा वेळी तरी खोटं नको.) अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईसमोर बहुव्रीही समास सोडवून दाखवत होतो आणि स्वतःलाच ऐकू येत होतं की हे किती पोकळ वाजतंय.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तसं मराठीत सांगायचं," म्हणाल्या. आणि पाठोपाठ, "कांडी उचला. टेबल जळतंय."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

हिला सांगितलं. आधी हसली. मग रडली. मग माझ्याकडे बघून पुन्हा हसली, पण ते हसू वेगळं होतं, त्यात माझी धडगत नव्हती. तुझ्या एका कोटीपायी माझी आई तीन महिने बॅग न उघडता राहिली, म्हणाली.

मग म्हणाली, राहा म्हण तिला.

मी म्हटलं, व्युत्पत्ती सांगितली की.

"व्युत्पत्ती सांगितलीस, राहा म्हणालास का? मी शंभरदा म्हटलं. ती म्हणते, तू म्हणणारच, तू लेक आहेस. तुझ्या तोंडून ऐकायचंय तिला, पंडित. दोन अक्षरं आहेत."

दोन अक्षरं! 'राहा' — फारच हुकूम. 'राहावे' — नगरपालिकेची नोटीस. 'राहाल का?' — नकाराला दार उघडं. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, सगळे अर्थ पाठ आहेत. जिभेवर एकही बसत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बग्गी जोडून पूर्ण. बर्फाचा ट्रे रिकामा. एक स्क्रू उरला. सासूबाई म्हणतात, एक उरतोच, नाही उरला तर काळजी करायची. कारखान्यातली म्हण.

'राहा' म्हणालो नाही. दोनदा खाकरलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

पळाली!!!

सकाळी वसाहतीमागच्या मैदानावर गेलो. मी, ही, सासूबाई. भूगोल मास्तर वासानंच आले. पहिला मान माझा. खटका पुढे ढकलला आणि ती चपला घालून अशी सुटली की माझ्या तोंडून अकराव्या वर्षीचा आवाज निघाला. (ही म्हणते, निघाला नाही, फुटला.) धूळ, उड्या, मागे मोटरीचा तोच किणकिणाट! तेरा सेकंद मी राजा होतो. मग तिला वळवून माझ्याकडे आणायला गेलो आणि थेट खांबावर घातली. गाडी आपल्याकडे तोंड करून यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं. मी डावीकडे दाबतो, ती माझ्या उजवीकडे जाते. दुसऱ्यांदा खांब. तिसऱ्यांदा भूगोल मास्तर. दिशा हा ज्यांचा जन्माचा विषय, ते उडी मारायची कुठे हेच विसरले.

सासूबाईंनी रिमोट मागितला. कोणामार्फतही नाही, हात पुढे केला.

त्यांनी बग्गी दूर नेली, वळवली, सरळ आमच्याकडे आणली, आमच्याभोवती एक फेरी मारली आणि इंग्रजी आठाचा आकडा काढला. पहिल्या प्रयत्नात! मी विचारलं, डाव्या-उजव्याचा गोंधळ होत नाही?

"तुम्ही बाहेरून बघता. मी आत बसते."

त्या क्षणी ठरवलं, आता म्हणायचं. त्यांची पाठ होती माझ्याकडे. हाक मारायला हवी होती, शब्द नव्हता. खाकरलो. मोटरीच्या आवाजात ऐकू गेलं नाही. मोठ्यानं खाकरलो. मास्तरांनी मला पाणी दिलं.

मग म्हटलं, "आई."

वळल्या. बोटं रिमोटवरच होती.

"राहा. जाऊ नका. चुकलं माझं. राहा."

बोललो! व्याकरण कुठलं होतं कोण जाणे. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि बग्गी, जिच्याकडे आता कोणीच बघत नव्हतं, पूर्ण वेगानं येऊन माझ्या नडगीवर आदळली.

"बरं," म्हणाल्या. आणि मग, "लागलं का?"

२५ नोव्हेंबर, सोमवार

नडगी निळी. पण आज दिवसभर डोक्यात एकच शब्द — 'बरं'.

कसलं बरं? 'बरं' हा शब्द मराठीत काय काय करतो! बरं, म्हणजे मान्य. बरं, म्हणजे ऐकलं, पुढे चला. बरं, म्हणजे तुमच्या समाधानासाठी. बरं, म्हणजे विषय संपला. त्यांनी म्हटलं ते खालच्या सुरात, तुटक. कोणत्याही कोनातून बघितलं तरी 'विषय संपला'वाला वाटतो. हिला ते ऐकूच आलं नव्हतं, ती माझ्या नडगीकडे धावली होती.

पुन्हा विचारून घे, ही म्हणाली. तूच विचार, मी म्हटलं. दोघांनीही विचारलं नाही. नकारच यायचा असेल तर तो उशिरा येऊ दे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंनी रिमोटची अँटेना पुसून, दुमडून ठेवली. आवराआवर सुरू झालेली दिसते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

संपलं.

ऑफिसातून आलो तर सासूबाई फोनवर होत्या. मुद्दाम ऐकलं नाही, पण कानांना झाकण नसतं. टेम्पो. १ तारीख. सकाळी नऊ. "हो हो, दोन माणसं लागतील. जपून न्यायला सांगा."

हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं तीच घडी चारदा घातली. दोन बॅगांना टेम्पो कशाला लागतो, म्हणाली. मी म्हटलं, सुटकेसही आहे ना. हे काय उत्तर होतं?

मी 'राहा' म्हणायला तीन महिने उशीर केला. यथावकाश म्हणालो. उपसंपादक बरोबर होता.

३० नोव्हेंबर, शनिवार

बग्गी त्यांना द्यायची ठरवली. माझ्या हाताखाली ती फक्त खांब शोधते. निवासात अंगण असेल. कवच धुतलं, खोक्यात घातली, वर रिमोट, सेलचा एक जादा जोड. खोकं घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. खाकरलो नाही, हाक मारली.

सासूबाईंनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. असू दे तिथेच, उगीच हलवाहलव कशाला, म्हणाल्या. उद्या आधीच खूप कामं आहेत.

चेहऱ्यावर काहीच नाही. तपासणीवाला त्यांचं टेबल का तपासत नसे, ते आज समजलं — काही सापडायचंच नाही.

ही उद्या सुट्टी न घेताही घरीच आहे, रविवार आहे. तेवढंच बरं. (पुन्हा 'बरं'!)

१ डिसेंबर, रविवार

नऊला टेम्पो आला. आम्ही धरून चाललो होतो की रिकामा येईल. भरलेला आला!

लोखंडी कपाट, शिवणयंत्र, आणि एक लांब, डागाळलेलं, लाकडी कामाचं टेबल. ऑगस्टपासून जुन्या शेजारणीच्या नव्या घरी ठेवलेलं. निवासाला नकार त्यांनी सोमवारीच कळवला होता. मला का नाही सांगितलंस, असं हिनं रडत-हसत विचारलं. सासूबाई चक्रावल्या. "ह्यांना मैदानातच 'बरं' म्हटलं की!"

दोन माणसं टेबल धरून दारात उभी. कुठे ठेवायचं? सासूबाईंनी सगळं घर एकदा नजरेनं मोजलं. मग माझ्या खोलीचं दार उघडलं.

"पुस्तकं उचल रे तुझी. उजेड इथेच चांगलाय."

स्वयंपाकघरातून लिहितोय. दहा खोकी उचलली, अजून सात आहेत.